अतिदक्षतेतील दक्षता

परभाषेतील शास्त्रीय संज्ञांना मराठी प्रतिशब्द घडविण्याचा उद्योग पुष्कळदा उपहासाचा विषय होतो, आणि तो उपहास सर्वस्वी अनाठायी असतो असेही म्हणवत नाही. पण 'अतिदक्षता विभाग' हा शब्द ज्या कोणाच्या टांकसाळीतून बाहेर पडला, त्याच्या हातून एक मार्मिक काम होऊन गेले आहे. इस्पितळाच्या काचेच्या दारावर ही अक्षरे रंगविलेली असतात, दाराबाहेर चपलांचा ढीग असतो, बाकावर रात्र काढलेले नातेवाईक असतात, आणि आत काय चालले असेल याविषयी त्यांच्या मनातील चित्र बहुधा यंत्रांचेच असते: श्वास देणारे यंत्र, हिरव्या रेषा उमटविणारा पडदा, थेंबाथेंबाने औषध सोडणारा पंप. शब्द मात्र यंत्राचे नावही घेत नाही. तो एका मानवी गुणाचा उच्चार करतो आणि त्याची मात्रा वाढवून मागतो. ही सेवा दरिद्री देशांत कशी पोहोचवावी याविषयी गेली दोन-तीन दशके जो वाद चालू आहे, त्याचा निम्मा निकाल या शब्दातच लिहून ठेवलेला आहे, असे ती हकिकत वाचताना वारंवार वाटते.

या सेवेचा जन्म कोपनहेगन येथे १९५२ च्या उन्हाळ्यात झाला, आणि तो यंत्रांच्या सुबत्तेतून न होता त्यांच्या तुटवड्यातून झाला, ही गोष्ट विसरली जाते. त्या वर्षी डेन्मार्कमध्ये पोलिओची भयंकर साथ आली. श्वसनाचे स्नायू लुळे पडलेली मुले ब्लेगडॅम इस्पितळात रोज दाखल होऊ लागली, आणि तेथील सरंजाम म्हणजे एक लोखंडी फुप्फुस व छातीवर बांधण्याची सहा उपकरणे! साथीच्या पहिल्या तीन आठवड्यांत या यंत्रांवर ठेवलेल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. तेव्हा मुख्य वैद्य लासेन यांनी ब्यर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाला सल्ल्यासाठी बोलावले. रुग्णांच्या रक्तातील वाढलेल्या क्षाराचा अर्थ इतर वैद्य निराळा लावीत होते. इब्सेन यांनी ओळखले की हा उच्छ्वासावाटे बाहेर न पडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा साठा आहे, आणि मुले मरत आहेत ती मुख्यतः हवा पुरेशी आत-बाहेर होत नाही म्हणून.

२७ ऑगस्ट रोजी एका बारा वर्षांच्या मुलीच्या गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत नळी बसविण्यात आली, नळीला रबरी पिशवी जोडण्यात आली, आणि ती पिशवी हाताने दाबून तिला श्वास देण्यात आला. मुलगी वाचली. पण एका मुलीसाठी जे साधले ते एकाच वेळी सत्तर रुग्णांसाठी कसे साधावे? त्यासाठी विद्यापीठातील वैद्यकीचे विद्यार्थी बोलावण्यात आले. सुमारे दीड हजार तरुणांनी पाळीपाळीने, रात्रंदिवस, महिनोन्‌महिने रुग्णांच्या उशापाशी बसून त्या पिशव्या दाबल्या. ८७ टक्क्यांच्या घरातले मृत्यूचे प्रमाण काही महिन्यांत निम्म्याहून खाली आले. पुढच्या वर्षाच्या अखेरीस इब्सेन यांनी त्याच शहरातील दुसऱ्या एका इस्पितळात गंभीर रुग्णांसाठी स्वतंत्र दालन उघडले, आणि तेच आजच्या सर्व अतिदक्षता विभागांचे मूळपुरुष मानले जाते. रबराची एक पिशवी, एक नळी, आणि उशापाशी जागणारा एक माणूस, एवढीच त्या घराण्याची मूळची मिळकत होती.

पुढे हे घराणे श्रीमंत झाले, आणि त्याची श्रीमंती सर्वत्र सारखी वाटली गेली नाही. जर्मनीत दर दहा लाख लोकसंख्येमागे अतिदक्षतेच्या सुमारे तीनशे खाटा आहेत. युगांडात २०२० च्या सुमारास झालेल्या मोजणीत हे प्रमाण दहा लाखांमागे दीड खाटेच्याही खाली होते, आणि त्या मोजक्या खाटांतल्याही बऱ्याचशा राजधानीत एकवटलेल्या. वस्तुतः गंभीर दुखण्यांचा भार याच्या नेमका उलट वाटला गेला आहे. जंतुसंसर्ग रक्तात भिनून अवयव निकामी होऊ लागण्याच्या अवस्थेने २०१७ साली जगात सुमारे १ कोटी १० लाख माणसे मेली, असा एका मोठ्या जागतिक अभ्यासाचा अंदाज आहे, आणि त्या अवस्थेच्या रुग्णांपैकी बहुसंख्य हे दरिद्री व मध्यम स्थितीच्या देशांतले होते. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव, गर्भिणीचे झटके, मेंदूत शिरलेला मलेरिया, लहान मुलांचा न्यूमोनिया, विषारी सर्पदंश, वाहनांचे अपघात: रोगी ज्या गावांत आहेत तेथे खाट नाही, आणि खाटा ज्या नगरांत आहेत तेथवर रोगी जिवंत पोहोचत नाही.

२०२० साली कोविडच्या महामारीने ही विषमता एकाएकी उजेडात आणली. आफ्रिकेतील ४१ देशांच्या सार्वजनिक इस्पितळांत मिळून चालू स्थितीतली श्वसनयंत्रे दोन हजारांहून कमी आहेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये जाहीर केले, आणि वृत्तपत्रांतून व राजदरबारांतून एकच आकडा मोजला जाऊ लागला: कोणत्या देशात किती व्हेंटिलेटर? दानशूर देशांनी यंत्रे धाडली, विमानतळांवर त्यांच्या स्वागताची छायाचित्रे निघाली. पण यंत्र एकटे येत नाही. त्याच्यामागे राजेशाही लवाजमा लागतो. त्याला दाबाखाली अखंड ऑक्सिजन लागतो, कमीजास्त न होणारी वीज लागते, हवेला ओलावा देणारी सामग्री, घशातील स्राव ओढून घेणारा पंप, ठरावीक मापाच्या नळ्या, रक्तातील वायू मोजणारी प्रयोगशाळा आणि रुग्णाला शांत ठेवणारी औषधे लागतात. आणि या सर्वांवर कळस म्हणून, एका रुग्णामागे एक, फार तर दोघांमागे एक, अशी जाणती परिचारिका चोवीस तास लागते. यांतले एक जरी निखळले तरी यंत्र निरुपयोगी होते, किंबहुना अपायकारक होते. दरिद्री देशांतील इस्पितळांची पाहणी करणाऱ्यांना तेथील सुमारे चाळीस टक्के वैद्यकीय उपकरणे बंद पडलेली आढळली. एखादा सुटा भाग मिळत नाही, दुरुस्ती करणारा कारागीर नाही, माहितीपुस्तिका तिसऱ्याच भाषेत छापलेली, आणि जड संग्रहाच्या नोंदवहीत मात्र यंत्र 'हजर' म्हणून लागलेले!

यंत्र आणि दक्षता यांचे नाते किती नाजूक आहे, याचा दाखला एका शांपूच्या बाटलीने दिला आहे. ढाका येथील अतिसार संशोधनाच्या सुप्रसिद्ध आंतरराष्ट्रीय केंद्रातील डॉ. मोहम्मद जोबायेर चिश्ती हे तरुणपणी सिल्हेट येथे उमेदवारी करीत असताना एका रात्रीत तीन मुले न्यूमोनियाने डोळ्यांदेखत गेली, आणि पुढे ऑस्ट्रेलियात नवजात अर्भकांना बुडबुड्यांच्या साहाय्याने श्वासास आधार देणारे एक उपकरण त्यांच्या पाहण्यात आले. उपकरण महाग होते, पण त्यामागचे तत्त्व स्वस्त होते. मुलाच्या नाकाशी ऑक्सिजनची नळी लावायची, आणि उच्छ्वास ज्या नळीतून बाहेर पडतो तिचे टोक पाण्याने भरलेल्या बाटलीत बुडवायचे. टोक पाण्याखाली जितके सेंटिमीटर, तितक्या पाण्याच्या दाबाविरुद्ध मुलाला श्वास सोडावा लागतो. त्यामुळे फुप्फुसातील सूक्ष्म पिशव्या प्रत्येक उच्छ्वासाबरोबर मिटून चिकटत नाहीत, किंचित उघड्या राहतात, आणि थकलेल्या छातीला प्रत्येक वेळी त्या नव्याने फुगवाव्या लागत नाहीत. बाटलीत बुडबुडे येत आहेत तोवर दाब टिकून आहे, ही त्या यंत्राची खूण. ती वाचायला पडदा लागत नाही. चिश्तींनी टाकून दिलेली शांपूची बाटली धुऊन वापरली. न्यूमोनिया होऊन रक्तातील ऑक्सिजन घटलेल्या २२५ बालकांवर त्यांनी केलेल्या व २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, नेहमीच्या पद्धतीने ऑक्सिजन दिलेल्या मुलांत १५ टक्के दगावली, तर बाटलीच्या साहाय्याने श्वास घेणाऱ्यांत अवघी ४ टक्के.

एवढ्यावर थांबले असते तर ही एका कल्पक बाटलीची सुरस गोष्ट झाली असती. परंतु मलावीतील एका जिल्हा इस्पितळात बुडबुड्यांचीच रीत वापरून ६४४ मुलांवर प्रयोग झाला, आणि २०१९ साली त्याचा जो निष्कर्ष आला त्याने सर्वांना विचारात पाडले: साध्या ऑक्सिजनवरच्या मुलांत मृत्यू ११ टक्के, आणि बुडबुड्यांवरच्या मुलांत १७ टक्के. मुले अधिक दुबळी होती, कित्येक कुपोषित, कित्येक एचआयव्हीने ग्रासलेली, हे खरे. पण आणखी एक भेद होता. ढाक्यात त्या मुलांजवळ अनुभवी वैद्य आणि परिचारिका यांची अखंड ये-जा होती. मलावीतील वॉर्डात वैद्याची रोजची देखरेख नव्हती. नाकातील नळी सरकली, पोट हवेने फुगले, ओकारी श्वासनलिकेत गेली, तर ते वेळीच पाहणारा डोळा तेथे कमी होता. नंतर इथिओपियातील बारा इस्पितळांत, वैद्यांच्या देखरेखीची व परिचारिकांच्या शिक्षणाची तजवीज करून हाच उपाय योजला गेला, तेव्हा मृत्यू पुन्हा घटले. पाणी आणि बुडबुडे तिन्ही देशांत सारखेच होते.

उपचारांच्या बाबतीतही असाच धडा मिळालेला आहे. अंग थंड पडलेल्या, नाडी क्षीण झालेल्या तापकरी मुलाला शिरेतून भराभर द्रव द्यावा, हा श्रीमंत देशांतला जवळजवळ निर्विवाद शिरस्ता. तोच केनिया, युगांडा व टांझानियातील ३,१४१ मुलांच्या प्रयोगात तपासला गेला, आणि २०११ मध्ये उघड झाले की भराभर द्रव दिलेल्या मुलांत दोन दिवसांत साडेदहा टक्के दगावली, न दिलेल्यांत ७.३ टक्के. झांबियात प्रौढांवर झालेल्या प्रयोगानेही पुढे तशीच साक्ष दिली. फुप्फुसात पाणी साचू लागले तर श्वसनयंत्र लावता येईल, अशी पाठराखण ज्या शिरस्त्यामागे गृहीत धरलेली असते, तो शिरस्ता ती पाठराखण नसलेल्या जागी जसाच्या तसा उचलून नेला तर काय होते, हे यावरून दिसते. अतिदक्षतेचा विस्तार म्हणजे श्रीमंत इस्पितळाची नक्कल लहान आकारात छापणे, असे मानणाऱ्यांनी हे आकडे डोळ्यांसमोर ठेवावेत.

मग विस्तार करावयाचा तो कशाचा? पहिले उत्तर ऑक्सिजन हे आहे, आणि ते इतके साधे आहे की योजना आखणाऱ्यांना ते पुरेसे भव्य वाटत नाही. रक्तातील ऑक्सिजन घटला आहे हे नुसत्या नजरेला उशिरा कळते; ओठ निळे दिसू लागेपर्यंत पुष्कळ वेळ निघून गेलेला असतो, आणि सावळ्या कांतीवर तो निळेपणा आणखीच लपतो. ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्याने १९७४ च्या सुमारास, बोटातून आरपार जाणाऱ्या तांबड्या व अवरक्त प्रकाशाच्या स्पंदनांवरून हे प्रमाण ओळखण्याची युक्ती शोधली, आणि तिच्यातून जन्मलेला ऑक्सिमीटर आता चिमट्याएवढा होऊन घरोघरी पोहोचला आहे. गडद त्वचेवर तो कधी कधी असते त्याहून जास्त प्रमाण दाखवितो, हा त्याचा दोष लक्षात ठेवला म्हणजे झाले. दुसरे साधन ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर. यात खोलीतलीच हवा दाबाखाली झिओलाइट नावाच्या खनिजाच्या कणांतून नेली जाते. ते कण नायट्रोजन धरून ठेवतात आणि पलीकडे नव्वद टक्क्यांहून शुद्ध ऑक्सिजन बाहेर पडतो. एक स्तंभ भरला की दुसरा कामाला लागतो, आणि पहिला साठलेला नायट्रोजन बाहेर सोडून पुन्हा सज्ज होतो. मिनिटाला पाच ते दहा लिटर ऑक्सिजनसाठी काहीशे वॅट वीज पुरते, आणि शेकडो मैलांवरून सिलिंडर आणणाऱ्या ट्रकची वाट पाहावी लागत नाही. पापुआ न्यू गिनीतील पाच इस्पितळांत ही दोन साधने, त्यांची दुरुस्ती आणि परिचारिकांचे शिक्षण यांचा एकत्र बंदोबस्त करण्यात आला, तेव्हा मुलांच्या न्यूमोनियातील मृत्यूचे प्रमाण सुमारे ५ टक्क्यांवरून ३.२ टक्क्यांवर आले. ऑक्सिजनचा पुरवठा हा केवळ दूरदेशीचा प्रश्न आहे असे म्हणण्याचा अधिकार, २०२१ च्या एप्रिलमध्ये नाशिकच्या इस्पितळात टाकीला गळती लागून खाटेवरच्या खाटेवर गेलेल्या रुग्णांची वार्ता ऐकलेल्या आपल्याला तरी उरलेला नाही.

दुसरे उत्तर क्रमाचे आहे. मलावीतील ब्लांटायर येथील मोठ्या इस्पितळात आजारी मुले घेऊन आलेल्या आया रांगेत बसत, आणि रांग ही आल्या क्रमाने पुढे सरके. शेवटच्या आईच्या मांडीवरील मूल निपचित पडलेले असले तरी त्याची पाळी शेवटीच येई. तेथील बालरोगतज्ज्ञांनी ही रांग मोडली. दारातच प्रत्येक मुलाकडे एक दृष्टी टाकावयाची, श्वास, हातापायांची ऊब, शुद्ध व झटके एवढे पाहावयाचे, आणि जे मूल धोक्यात आहे त्याला त्या क्षणी आत न्यावयाचे, असा दंडक घालून दिला. तातडीची औषधे व ऑक्सिजन दाराशीच मांडले. दाखल मुलांतील मृत्यूचे प्रमाण पूर्वी १० ते १८ टक्के असे, ते ६ ते ८ टक्क्यांवर आले.

तिसरी गोष्ट या दोहोंच्या मुळाशी आहे: गंभीर रुग्ण ज्या वॉर्डात असेल तेथेच त्याला ओळखणे आणि साधे उपचार देणे. आफ्रिकेतील २२ देशांतल्या १८० इस्पितळांत सुमारे वीस हजार प्रौढ रुग्णांची एकेका दिवशी तपासणी करून केलेला एक अभ्यास २०२५ साली प्रसिद्ध झाला. त्यात दर आठ रुग्णांमागे एक गंभीर अवस्थेत आढळला, आणि अशा गंभीर रुग्णांपैकी ६९ टक्के कोणत्याही विशेष दालनात नव्हते. ते सामान्य वॉर्डात, इतरांच्या रांगेत निजलेले होते. सात दिवसांत त्यांच्यातील पाचांपैकी एक मृत्यू पावला. ज्यांचा श्वास अपुरा पडत होता त्यांतील निम्म्यांनाही ऑक्सिजन लावलेला नव्हता. अशा रुग्णांच्याच विचारातून टिम बेकर, कार्ल ऊटो शेल आदी वैद्यांनी जगभरच्या तज्ज्ञांचे मत एकत्र करून त्याआधीच, २०२१ साली, एक यादी सिद्ध केली होती. कोणत्याही इस्पितळात, कोणत्याही वॉर्डात गंभीर रुग्णाला मिळालेच पाहिजेत असे ४० उपचार तीत आहेत. बेशुद्धाला कुशीवर वळविणे, घसा मोकळा करणे, ऑक्सिजन लावणे, द्रव देणे, ठरल्या वेळी पुन्हा पाहणे, अशा प्रतीचे. श्वसनयंत्र त्या यादीत नाही.

हे वाचून महाराष्ट्रातील वाचकाला एक जुनी हकिकत आठवल्यावाचून राहणार नाही. १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. जिल्ह्याचे नाव तेव्हा अजून कुलाबा होते. कोकणातला तांबडा विंचू चावलेली माणसे, विशेषतः मुले, घामाने निथळत, थंडगार पडत, आणि फुप्फुसात पाणी भरून मरत. अतिदक्षता विभागाचे तेथे नावही नव्हते. बावस्करांनी रुग्णापाशी राहून नाडी, रक्तदाब, श्वास, हातापायांचा गारठा यांची काटेकोर नोंद ठेवली. विषाने रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदय थकते, हे त्या नोंदीतून उलगडले. आणि रक्तदाबासाठी वापरल्या जाणाऱ्या प्रेझोसिन या स्वस्त गोळीने ते आवळणे सोडविता येते, हे त्यांनी १९८६ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकातून जगापुढे मांडले. जेथे शंभरांत तीस-चाळीस दगावत तेथे पुढे एखादा दगावू लागला. गोळी फार स्वस्त होती. ती शोधणारे जागरण मात्र स्वस्त नव्हते.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो हलका नाही: गरिबांच्या वाट्याला ऑक्सिजनची नळी व कुशीवर वळविणे, श्रीमंतांच्या वाट्याला श्वसनयंत्र, ही दोन पंक्तींची व्यवस्था आपण शास्त्राच्या नावाने मान्य करावी काय? मान्य करू नये. मण्यारीच्या दंशाने लुळा पडलेला शेतमजूर, धनुर्वाताने आखडलेला कामगार, झटके येणारी बाळंतीण, यांना काही दिवस यंत्राचा श्वास मिळाला तर ते स्वतःच्या पायांनी घरी जातात. त्यांच्यासाठी प्रत्येक प्रांतात खरी, सर्व लवाजम्यासह चालणारी खाट हवीच. पण त्या खाटेपर्यंत रुग्ण पोहोचतो तो सामान्य वॉर्डातूनच. तेथे तो बिघडतो आहे हे कोणाच्या ध्यानातच आले नाही, तर वरची खाट रिकामी राहते किंवा मरणोन्मुख देह तेवढे स्वीकारते. पाया आणि कळस यांत निवड करावयाची नसते, क्रम पाळावयाचा असतो. २०२३ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य सभेने तातडीची, गंभीर रुग्णांची व शस्त्रक्रियेची सेवा एकत्र उभारावी असा ठराव संमत केला, आणि ऑक्सिजनसाठी दुसरा स्वतंत्र ठराव केला, त्यामागे हीच दृष्टी दिसते. मनुष्यबळाचा प्रश्न मात्र ठरावाने सुटत नाही. गंभीर रुग्ण सांभाळण्यात तयार झालेली परिचारिका ब्रिटनला किंवा आखाती देशांना हवी असते, आणि तिला दरिद्री देश जे वेतन देतो त्यावर तिने तेथेच राहावे असा आग्रह धरणे न्याय्यही नाही.

सामान्य वॉर्डातल्या खाटेच्या पायथ्याशी टांगलेला तक्ता कोणी कधी वाचून पाहावा. तापमान, नाडी व श्वास असे तीन रकाने असतात. पहिल्या दोहोंत आकडे वरखाली होतात. तिसऱ्यात मात्र अनेकदा प्रत्येक रुग्णापुढे, प्रत्येक पाळीत, वीस-वीस-वीस असे लिहिलेले असते, कारण चाळीस-पन्नास खाटांमागे असलेल्या एकट्या सिस्टरला प्रत्येकाच्या छातीकडे एक मिनिट पाहत उभे राहण्याची सवड नसते आणि न पाहिल्याबद्दल जाब विचारण्याचा कोणाला धीरही होत नाही. वास्तविक शरीर ढासळू लागल्याची पहिली वर्दी पुष्कळदा याच रकान्यात येते. श्वसनयंत्राच्या खरेदीसाठी सरकारी अंदाजपत्रकात सदर असते, इमारतीसाठी असते, उद्घाटनाच्या मंडपासाठीही काढता येते. पण दर चार तासांनी पन्नास खाटांवरचे ते एकेक मिनिट कोणत्या सदराखाली मंजूर करावे, हे अजून कोणत्याही खजिन्याच्या दप्तरात नीटसे लिहिलेले दिसत नाही.